सेप्टिक शॉकमधला रुग्ण वाचेल का, हे रक्ताच्या तपासण्यांवरून किती कळतं?

सेप्टिक शॉक म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं (सेप्सिस) आणि त्यातच रक्तदाब कोसळणं. आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरचे मामा, वय ६१, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. डाव्या बाजूला मुतखडा, तीन दिवस थंडी वाजून ताप, मग रक्तदाब कोसळला. धुळ्यातल्या एका खासगी आयसीयूत दाखल आहेत. आल्याआल्या लॅक्टेट (साखर जळताना पेशींत तयार होणारा पदार्थ) ६.२, प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) ८४, प्लेटलेट ८२ हजार, क्रिएटिनिन ३.१, बिलिरुबिन १.८. नॉरॲड्रेनॅलिन (रक्तदाब वर ठेवणारं औषध) चालू आहे. घरातले म्हणतात, "८४ म्हणजे सगळं संपलं, घरी नेऊ." एका ओळखीच्याने आयएल-६ आणि प्रेसेप्सिन या सेप्सिसच्या महागड्या रक्ततपासण्या मुंबईला पाठवायला सांगितलंय. भरवसा कशावर ठेवायचा? आणि अशा रुग्णांसाठी आरोग्य केंद्रात काय करता येईल?

डॉक्टर, आधी थेट उत्तर देतो. मामा वाचतील की नाही हे ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी आज कुठेच नाही. धुळ्यात नाही आणि मुंबईतही नाही. पण चार-पाच साध्या तपासण्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा केल्या, तर रुग्ण कोणत्या दिशेने चाललाय ते बऱ्यापैकी कळतं. त्यामुळे मुंबईला रक्त पाठवायचे पैसे आत्ता ठेवून द्या आणि लॅक्टेट पुन्हा करायला सांगा. नव्या तपासणीपेक्षा जुनीच तपासणी दुसऱ्यांदा केलेली जास्त सांगते, हे माझं ठाम मत आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. खड्याच्या मागे अडकलेला पू काढला का? डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) टाकला किंवा पाठीतून नळी घालून मूत्रपिंड मोकळं केलं का? मूत्रवाहिनीतला खडा आणि सेप्सिस असलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. अडथळा मोकळा केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ८.८२ टक्के होतं, न केलेल्यांमध्ये १९.२ टक्के. वाट मोकळी करणं या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही मार्करने (आजार दाखवणाऱ्या रक्ततपासणीने) पडत नाही. आणि पू आतच असेल तर खालचं सगळं वाचून उपयोग नाही, कारण आकडे खाली यायला जागाच नाही. आपल्याकडचा उन्हाळा, शेतात दिवसभर घाम आणि पाणी कमी पिणं यामुळे मुतखडे भरपूर, आणि "खडा आपोआप पडेल" म्हणत काढलेले दिवसही भरपूर. त्यामुळे हा प्रश्न मी प्रत्येक वेळी सगळ्यात आधी विचारतो.

आता लॅक्टेट. २०१६ साली सेप्सिसची नवी व्याख्या आली तेव्हा सेप्टिक शॉक म्हणजे काय हे ठरवताना लॅक्टेटला थेट व्याख्येतच जागा मिळाली. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर आहे, या दोन्ही गोष्टी असतील तर सेप्टिक शॉक. ती व्याख्या ज्या माहितीवरून बसवली, त्यात दोन्ही असलेल्यांपैकी ४२.३ टक्के रुग्ण हॉस्पिटलमध्येच दगावले होते. रक्तदाबाचं औषध चालू, पण लॅक्टेट २ किंवा त्याखाली, अशांमध्ये हे प्रमाण ३०.१ टक्के होतं. रक्तदाब दोघांचाही पडलेला, औषध दोघांनाही लागलेलं, तरी लॅक्टेटमुळे एवढा फरक दिसतो. म्हणून ही तपासणी मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

लॅक्टेट का वाढतं? शाळेतलं उत्तर असं की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही म्हणून. ते अर्धंच खरं आहे. सेप्सिसमध्ये शरीरातलं ॲड्रेनॅलिन वाढलेलं असतं, त्याने स्नायू साखर भराभर जाळतात आणि ऑक्सिजन असूनही लॅक्टेट तयार होतं. दुसरीकडे ते वापरून संपवणारं यकृत थकलेलं असतं. हतनूरच्या धरणाची पातळी पाहिल्यासारखं आहे हे: वरून किती येतंय आणि दरवाज्यांतून किती जातंय, याचा तो हिशेब असतो. नुसती पातळी पाहून कुणी निष्कर्ष काढत नाही, चढतेय की उतरतेय ते विचारतो. म्हणून एकट्या ६.२ ला मी घाबरत नाही. चार तासांनी तोच ६.८ झाला तर घाबरतो, आणि ४.१ झाला तर नातेवाईकांना खुर्ची देऊन चहा मागवतो.

हिशेब सोपा आहे. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा, पहिल्याने भागा, शंभराने गुणा. ६.२ वरून ४.१ म्हणजे सुमारे ३४ टक्के घट. २००४ च्या एका अभ्यासात पहिल्या सहा तासांत १० टक्क्यांहून कमी घट झालेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले, तेव्हापासून हा १० टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतोय. पुढे २०१० मध्ये डच डॉक्टरांनी पहिले आठ तास दर दोन तासांना २० टक्के घट हे लक्ष्य ठेवून उपचार केले. मी स्वतः पहिल्या दिवशी दर दोन ते चार तासांनी आकडा बघतो, आणि चोवीस तासांनंतरही तो २ च्या खाली आला नसेल तर पुन्हा सुरुवातीपासून विचार करतो: पू कुठे राहिलाय का, अँटिबायोटिक चुकतंय का, हृदय कमजोर पडलंय का, आतडं काळं पडतंय का.

इथे एक सावधगिरी. लॅक्टेट खाली आणायचं म्हणून सलाईनच्या बाटल्या चढवत राहू नका. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाचे उपचार लॅक्टेटकडे बघून चालवले, दुसऱ्या गटाचे दाबून सोडलेल्या बोटाच्या पेऱ्यात रक्त परत यायला किती वेळ लागतो त्याकडे बघून. २८ दिवसांतले मृत्यू लॅक्टेटवाल्या गटात ४३.४ टक्के आणि बोटवाल्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कडक निकषावर हा फरक थोडक्यात हुकला, पण लाखो रुपयांच्या यंत्रापुढे एक बोट कमी पडलं नाही हे नक्की. याचा तुम्हाला अक्राणीत फार उपयोग आहे, पुढे सांगतो.

लॅक्टेट फसवतं कुठे, हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या भागात फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. पहिली जागा ट्यूब. रक्त काढून साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर तांबड्या पेशी आतली साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. दुपारी बारा वाजता बाहेर ४४ अंश असताना नमुना मोटारसायकलच्या डिकीतून दुसऱ्या लॅबला गेला, तर रुग्णाचं नसलेलं लॅक्टेट रिपोर्टवर येतं. शुगरसाठी वापरतात ती राखाडी झाकणाची फ्लोराइडची ट्यूब घ्या, बर्फात ठेवा, आणि एबीजीच्या (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या) सिरिंजमधलं रक्त असेल तर १५ मिनिटांत यंत्राला लावा. दुसरी जागा एकक. काही लॅब लिटरमागे मिलिमोलमध्ये छापतात, काही डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. मिलिमोलला ९ ने गुणलं की मिलिग्रॅम. मामांचं ६.२ दुसऱ्या लॅबमध्ये ५६ म्हणून छापून आलं असतं, आणि घरच्यांनी "सहावरून छप्पन झालं" म्हणून टाहो फोडला असता. एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने काढलेले आकडेच एकमेकांशी ताडून बघा.

तिसरी जागा औषधं. ॲड्रेनॅलिनचं ड्रिप किंवा साल्ब्युटामॉलची वाफ चालू असेल तर लॅक्टेट चढतं आणि रुग्ण सुधारत असतानाही चढलेलंच राहतं. मामांच्या बाबतीत मेटफॉर्मिन महत्त्वाचं. किडनी बंद पडली की मेटफॉर्मिन साठतं आणि लॅक्टेट खूप वर जाऊ शकतं. क्रिएटिनिन ३.१ आहे, म्हणजे मेटफॉर्मिन पहिल्या दिवशीच बंद झालेलं असायला हवं. नसेल तर आत्ता फोन करा. लॅक्टेट फार चढलं आणि आम्लता वाढत गेली तर डायलिसिसने दोन्ही कामं होतात. अशा रुग्णाचा मोठा आकडा सेप्सिसच्या गणितात जशाचा तसा बसवू नका.

चौथी जागा निदानच चुकण्याची. शॉक आणि लॅक्टेट १०, म्हणून सेप्सिस समजून अँटिबायोटिक चालू केलं, आणि संध्याकाळी घरातल्या कोणीतरी हळूच सांगितलं की धान्यात ठेवायची गोळी खाल्ली होती. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हृदयालाच मारतं, आणि लॅक्टेट त्यात प्रचंड वाढतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे उष्माघाताचा रुग्ण हुबेहूब सेप्टिक शॉकसारखा येतो: ताप, गुंगी, रक्तदाब कमी, प्लेटलेट पडलेल्या, लॅक्टेट वाढलेलं, आणि प्रोकॅल्सिटोनिनसुद्धा वाढलेलं. रिपोर्ट एकसारखे, पण उपचाराची पहिली पायरी वेगळी. उष्माघातात अंग आधी थंड करायचं असतं.

प्रोकॅल्सिटोनिनवर येऊ, कारण तुमच्या घरात भांडण त्या ८४ वरून चाललंय. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या प्रत्येक घराने सीआरपी, डी-डायमर आणि एचआरसीटीचा स्कोअर वाचायला शिकून घेतलं, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरवून निकाल लावायची सवयच पडली आहे. निरोगी माणसात प्रोकॅल्सिटोनिन ०.१ च्या खाली असतं, म्हणून ८४ बघून छाती दडपते हे खरं. पण हा आकडा जंतू किती जोरात रक्तात शिरले होते ते सांगतो, रुग्ण किती तग धरेल ते फारसं सांगत नाही. मूत्रमार्गातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या सेप्सिसमध्ये तो असाच दणदणीत वाढतो. किडनी काम करत नसेल तर उतरायलाही वेळ लागतो. खड्यामागचा पू निघाल्यावर तीन दिवसांत ८४ चे ९ झालेले आणि चालत घरी गेलेले रुग्ण कुठल्याही आयसीयूवाल्याने पाहिलेले असतात. तसेच १२ वर दाखल होऊन १२ वरच अडकलेले आणि न वाचलेलेही.

इथेही उतार महत्त्वाचा. प्रोकॅल्सिटोनिन संसर्गानंतर तीन-चार तासांत वाढू लागतं आणि साधारण चोवीस तासांत अर्धं होतं. म्हणजे उपचार लागू पडले तर ८४ चे उद्या ४०-४५, परवा २० च्या आसपास व्हायला हवेत. किडनीमुळे थोडं मागेपुढे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये छापून आला, पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत ८० टक्के किंवा त्याहून जास्त घट न झालेल्यांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू २० टक्के होते, घट झालेल्यांमध्ये १० टक्के. दुप्पट फरक आहे, पण उलट बाजूनेही वाचा: घट न झालेल्यांपैकीही ८० टक्के जिवंत होते. एवढ्या आकड्यावर कुणाला घरी नेतात का?

आणि प्रोकॅल्सिटोनिन वाढलं म्हणून अँटिबायोटिक बदलत सुटायचं नाही. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर हेच करून पाहिलं, निकाल २०११ मध्ये आला. आकडा वाढला की औषध वाढवा, तपासण्या वाढवा. मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ३१.५ आणि ३२ टक्के; उलट आकड्यामागे धावलेल्या गटाचे आयसीयूतले दिवस वाढले. याचा खरा उपयोग औषध कधी थांबवायचं हे ठरवायला होतो. सर्वोच्च आकड्यावरून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली गेलं आणि रुग्ण बरा दिसतोय, तर अँटिबायोटिक थांबवता येतं. सुरू करायला मात्र त्याची वाट बघायची नाही. शॉक असेल तर पहिला डोस पहिल्या तासाभरात, रिपोर्ट मागाहून. सीआरपीबद्दल फार लिहीत नाही: ते यकृतात बनतं, शिखर गाठायला दोन दिवस घेतं, स्वस्त आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरत असेल तर बरं लक्षण. पहिल्या रात्री त्याचा फारसा उपयोग नाही.

आता त्या तपासण्या, ज्यांच्याकडे नातेवाईक बघत नाहीत आणि तरुण डॉक्टरही घाईत पान उलटतात. साधा सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन. सोफा स्कोअर (कोणता अवयव किती बिघडलाय याचे गुण) बराचसा यांच्याच जोरावर उभा आहे. मामांचं बघा: प्लेटलेट एक लाखाच्या आत म्हणून २, क्रिएटिनिन २ ते ३.४ मध्ये म्हणून २, बिलिरुबिन १.२ च्या वर म्हणून १, आणि नॉरॲड्रेनॅलिनचा डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ४. श्वास आणि शुद्ध सोडूनच ९ झाले. हा गंभीर स्कोअर आहे, मी लपवणार नाही. पण तो पहिल्या दिवसाचा आहे. तिसऱ्या दिवशी तो ५ झाला तर गोष्ट वेगळी, ११ झाला तर वेगळी.

यात प्लेटलेटवर माझा विशेष डोळा असतो. सेप्सिसमध्ये त्या पडतात, चौथ्या दिवसाच्या सुमाराला तळ गाठतात, आणि वाचणाऱ्या रुग्णांमध्ये मग वर चढू लागतात. चढतच नसतील तर ती वाईट बातमी असते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचंही तसंच, चौथ्या दिवशीही ते खालीच राहिले तर शरीराची लढायची ताकद संपत आली असं समजा, आणि दुसऱ्या संसर्गावर लक्ष ठेवा. पांढऱ्या पेशी ३० हजार झाल्या की सगळे धास्तावतात, पण २ हजारावर आल्या तर मी जास्त धास्तावतो. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मात्र पडलेल्या प्लेटलेटचा अर्थ लावण्याआधी डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) डोक्यात ठेवा. अंगावर त्या चाव्याची काळी खपली शोधा, काखेत आणि जांघेतसुद्धा. मलेरियाची रॅपिड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आणि गंभीर मलेरियात प्रोकॅल्सिटोनिनही वाढतं.

पाठ्यपुस्तकातले कट-ऑफ (नॉर्मल कुठे संपतं ते आकडे) मी कधीच डोळे झाकून वापरले नाहीत, पण सातपुड्यातल्या रुग्णांसाठी ते किती वेगळे वाचावे लागतात हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं बिलिरुबिन ताप नसतानाही २-३ असू शकतं, पांढऱ्या पेशीही नेहमीच थोड्या जास्त असतात. म्हणजे सोफामध्ये यकृताचे गुण फुकटच मिळतात. उलट त्याचं क्रिएटिनिन बऱ्याचदा कमी असतं, त्यामुळे ०.५ चं १.१ झालं तरी लॅबच्या कागदावर ते नॉर्मल छापून येतं, आणि प्रत्यक्षात किडनीला इजा झालेली असते. हेच कुपोषित, हडकुळ्या बाईच्या बाबतीत: स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन कुठून वाढणार? अल्ब्युमिनही आधीपासून कमी असतं, त्यामुळे "अल्ब्युमिन कमी म्हणजे परिणाम वाईट" हा नियम तिच्यावर लावताना जपून. शिवाय सिकलसेलमध्ये प्लीहा बऱ्याचदा निकामी झालेली असते आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत माणूस खाली पाडतात. तुमच्या केंद्रात तापाचा रुग्ण आला की सिकलसेलचं कार्ड आहे का, हा प्रश्न नाडी बघतानाच विचारा. जुना रिपोर्ट घरात असेल तर तो मागवा. आजच्या आकड्याची तुलना त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी झाली पाहिजे.

मुंबईला पाठवायच्या तपासण्यांबद्दल. आयएल-६ लवकर वाढतं आणि लवकर उतरतं. रक्त पोचून रिपोर्ट येईपर्यंत तो आकडा इतिहास झालेला असतो. प्रेसेप्सिन २००४ पासून अभ्यासात आहे, इटलीतल्या मोठ्या अभ्यासात त्याच्या पातळीचा मृत्यूशी संबंधही दिसला. मिड-रीजनल प्रोॲड्रेनोमेड्युलिन हा प्राणी मला त्यातल्या त्यात आश्वासक वाटतो. सुपार, ट्रेम-१, अँजिओपोएटिन-२, मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर, ट्रोपोनिन, यादी संपत नाही. २०२० मध्ये एका आढाव्यात मोजदाद झाली तेव्हा सेप्सिसचे २५८ मार्कर अभ्यासले गेले होते. एवढे मार्कर असण्याचा अर्थच असा की त्यातल्या एकानेही बाकीच्यांची गरज संपवलेली नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रेसेप्सिन १,८०० आलं तर मामांच्या उपचारात उद्या सकाळी काय बदलणार? काहीच नाही. ज्या तपासणीने उपचार बदलत नाही तिच्यावर शेतकऱ्याच्या घरचे पैसे खर्च करायला माझा विरोध आहे. तेच पैसे ब्लड कल्चर आणि लघवीच्या कल्चरला द्या, कारण त्यावर अँटिबायोटिक ठरतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल बसतं का, हेही आजच विचारा.

नातेवाईकांशी बोलताना टक्केवारी जपून वापरा. "चाळीस टक्के" म्हणजे अशा शंभर जणांपैकी चाळीस जण दगावले. मामा त्या चाळीसात की साठात, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. शिवाय हे आकडे जिथून आले तिथे पूर्ण उपचार मिळालेले लोक होते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पैसे संपले म्हणून "स्वतःच्या जबाबदारीवर" घरी नेलेला रुग्ण दगावतो, आणि गाव म्हणतं, रिपोर्टच वाईट होता. रिपोर्ट वाईट म्हणून घरी नेलं, घरी नेलं म्हणून गेला, आणि गेला म्हणून रिपोर्ट खरा ठरला. हे चक्र मी खूपदा पाहिलंय. "आमना बा वाचई का?" असं कुणी विचारलं की मी आकडा सांगत नाही. सांगतो की तीन दिवस पूर्ण ताकदीने लढू, रोज संध्याकाळी एकत्र बसून दिशा बघू, आणि तीन दिवसांनी सगळं खालीच जात असेल तर मी स्वतः तुम्हाला तसं सांगेन. असं मुदत ठरवून बोललं की घरचेही धीर धरतात. आणि डॉक्टरलाही वेळेवर खरं बोलावं लागतं.

आता तुमचं केंद्र. तिथे लॅक्टेट नाही, प्रोकॅल्सिटोनिन नाही, आणि खाली यायला घाटाचा रस्ता. पण काचेची स्लाइड आहे. उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेऱ्यावर ती दाबा, पांढरं पडेपर्यंत, दहा सेकंद धरा, सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर तो शॉक आहे, रक्तदाब १०० दिसत असला तरी. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते का बघा. सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून गुडघे गार आहेत का तेही बघा. श्वासाची गती पूर्ण मिनिटभर मोजा. कॅथेटर टाका आणि तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली लघवी होतेय का बघा. माणूस नाव नीट सांगतोय का? ग्लुकोमीटरवर साखर बघा, सेप्सिसमध्ये ती ४० वर आलेली असू शकते आणि ती लगेच भरून काढता येते.

मग दोन्ही हातांना सलाईन लावा, शक्य असेल तर कल्चरचं रक्त काढा आणि पहिलं अँटिबायोटिक तिथेच द्या, १०८ येईपर्यंत थांबू नका. कॅनडा आणि अमेरिकेतल्या २,१५४ सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा २००६ चा अभ्यास आहे: रक्तदाब पडल्यावर योग्य औषध पहिल्या तासात मिळालेल्यांपैकी ७९.९ टक्के वाचले, आणि पुढच्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासाला वाचणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या काही अभ्यासांत हा उतार इतका तीव्र दिसला नाही, पण धडगावहून नंदुरबारला पोचेपर्यंतचे तास त्या गणितात धरले तर पहिला डोस कुठे द्यायचा हा वादच उरत नाही. डोसची वेळ, बोटाचे सेकंद, लघवीचे मिली आणि साखर चिठ्ठीवर घड्याळासह लिहा. नंदुरबार किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरला तोच पहिला आकडा मिळतो, आणि दिशा तिथून मोजता येते. चिठ्ठी कोरी आली तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

मामांसाठी उद्या सकाळच्या राउंडला पाच गोष्टी विचारा. स्टेंट किंवा नळी टाकली का आणि त्यातून पू निघाला का. लॅक्टेटचे सगळे आकडे वेळेसह द्या. नॉरॲड्रेनॅलिनचा डोस काल किती होता, आज किती आहे. हे पंपावर लिहिलेलं असतं आणि माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक मार्कर आहे. किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊन दुसरं औषध, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, जोडावं लागलंय का. आणि रात्रभरात लघवी किती झाली. लॅक्टेट उतरतंय आणि पंपाचा डोसही उतरतोय, तर ८४ चा कागद घडी करून खिशात ठेवा. लॅक्टेट उतरतंय पण डोस चढतोय, तर अजून एक दिवस काही बोलू नका. दोन्ही चढत असतील तर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी पुन्हा करायला सांगा आणि थोरल्या मामींना धुळ्याला बोलावून घ्या. प्रोकॅल्सिटोनिन परवा करा, आज नको.